मायक्रोवेव्हच्या झाकणाचे स्क्रू

जबाब देणार : जखमी महिलेची थोरली बहीण
वय : एकसष्ट वर्षे
व्यवसाय : निवृत्त मुख्याध्यापिका
राहणार : जखमीच्याच इमारतीत, तिच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून, विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये माझी धाकटी बहीण व तिचे पती राहतात. बहिणीला घरात सगळे बेबी म्हणतात. तिचे वय चोपन्न आहे. ती घरच्या घरी केक करून देते. तिचे पती एका कचेरीत खरेदी विभागात अधिकारी होते, आता निवृत्त आहेत. नातेवाइकांत त्यांना शास्त्रज्ञ म्हणतात. हे नाव त्यांना आवडते, कारण ते कौतुकाने ठेवले आहे असा त्यांचा समज आहे. हवालदारांनी त्यांच्यासाठी 'सदर इसम' हा शब्द सुचवला आहे. तो चालेल.

हवालदारांनी मला थोडक्यात सांगा असे सांगितले. मी थोडक्यातच सांगत आहे.

बेबीला चॉकलेट वितळवायला आणि लोणी मऊ करायला एक साधा, लहान मायक्रोवेव्ह हवा होता. एक बटण वेळेचे, एक बटण तापमानाचे. तसा एक तिने दुकानात पाहून ठेवला होता. सदर इसमाने त्यास नकार दिला व "असल्या वस्तू अभ्यास करून घ्यायच्या असतात" असे सांगून पावसाळाभर अभ्यास केला. अभ्यास म्हणजे आरामखुर्चीत पडून मोबाईलवर व्हिडिओ पाहणे. नंतर त्यांनी जो ओव्हन आणला तो कोंबडी भाजणारा, बिस्किटे करणारा, दही लावणारा, असा होता. तो ओट्यावरच्या फळीत मावला नाही. अभ्यासात फळी मोजायची राहून गेली होती. मग त्यांनी तो तिरका करून, मागे भिंतीला आणि बाजूला कपाटाला टेकवून दाबून बसवला. गरम हवा बाहेर पडायला सगळ्या बाजूंनी मोकळी जागा ठेवावी, असे त्याच्या माहितीपुस्तकात चित्र काढून दाखवले आहे. ते पुस्तक मी वाचले. त्यांनी वाचले नाही. "ते बायकांसाठी असतं," असे ते म्हणाले. बायकोलाही ते त्यांनी दिले नाही, टीव्हीच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली लावले.

ओव्हन पुसण्याचे काम अर्थातच बेबीचे होते. ती वाटीत पाणी व लिंबाची फोड ठेवून आत वाफ करी व मऊ फडक्याने पुसून घेई. ओव्हनच्या आतल्या भिंतीवर अभ्रकाचा एक पातळ पत्रा असतो. त्यावर लोण्याचे शिंतोडे जळून तो काळा पडला व आत ठिणग्या दिसू लागल्या. असा पत्रा बाजारात मिळतो. सदर इसमाने तो विकत न आणता प्लॅस्टिकच्या फाइलचे कव्हर कापून त्या जागी बसवले आणि मला मुद्दाम वर बोलावून दाखवले.

"ताई, बघा. कंपनीवाले लुटतात नुसते."

मी म्हणाले, "वास कसला येतोय?"

ते म्हणाले, "नवीन आहे ना, येणारच."

केकला त्या प्लॅस्टिकचा वास लागला आणि बेबीला दोन गिऱ्हाइके सोडून गेली. तिने त्याबद्दल त्यांना एक अक्षर बोलून दाखवले नाही. मला सांगितले.

त्यानंतर ओव्हन तापवेनासा झाला. दिवा लागे, ताटली फिरे, आवाज येई, पण आतली वस्तू थंड ती थंडच. बेबीने कंपनीच्या मेकॅनिकला बोलवू या असे म्हटले. त्यावर सदर इसम म्हणाले, "मेकॅनिक काय करतो? स्क्रूच खोलतो ना? मला काय स्क्रू खोलता येत नाहीत?" हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. मी त्या वेळी चहा घेत होते. मी म्हणाले की, रेडिओ उघडणे वेगळे आणि हे वेगळे, पुस्तकात लाल अक्षरांत लिहिले आहे. त्यावर ते हसले. त्यांचे ते हसणे मी गेली अठ्ठावीस वर्षे पाहत आहे. त्याचे वर्णन जबाबात करण्याची गरज नाही.

घटनेच्या दिवशी रविवार होता. सकाळी बेबी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "आज ते उघडणारेत तो."

मी म्हणाले, "तू लांब राहा."

"मग टॉर्च कोण धरणार?" असे ती म्हणाली व दूध घेऊन वर गेली.

दुपारी जेवण झाल्यावर मी पेपर वाचत असताना माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर काही जड वस्तू पडल्याचा आवाज झाला. मी छताकडे पाहत राहिले. पाठोपाठ कुणाची हाक येईल, पळापळ ऐकू येईल, असे वाटले. काहीच आले नाही. म्हणून मी त्यांच्या फ्लॅटची माझ्याकडची किल्ली घेऊन वर गेले व दार उघडून आत शिरले.

बेबी फ्रिज आणि ओटा यांच्या मध्ये जमिनीवर पडलेली होती. एक पाय दुमडलेला होता. टॉर्च ओट्यावर पेटलेलाच होता. सदर इसम तिच्याकडे पाठ करून ओट्यापाशी उभे होते. ओव्हनचे झाकण बसवून झाले होते व ते त्याचा स्क्रू आवळत होते. हा शेवटचा स्क्रू होता. इतर सगळे आवळलेले मी पाहिले.

मी विचारले, "काय झालं?"

ते मागे न वळता म्हणाले, "काही नाही, जरा चक्कर आली तिला. उठेल आत्ता."

मी बेबीजवळ बसले. तिचे ओठ निळे होते. श्वास नव्हता. आमच्या शाळेत दर वर्षी प्रथमोपचाराचे शिबिर होई व त्यात मी मुलांच्या बरोबरीने रबरी बाहुलीची छाती दाबायला शिकले होते. तसे करू लागले. करता करता सदर इसमास रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितले. ते म्हणाले, "तुमच्या फोनवरून लावता का? माझ्यावर व्हिडिओ चालू आहे."

व्हिडिओ खरोखरच चालू होता. कुणी एक माणूस मोठ्या उत्साहाने बोलत होता.

मी सदर इसमास त्या वेळी जे म्हणाले ते हवालदारांनी लिहून घेण्याचे नाकारले आहे. त्यानंतर त्यांनी फोन लावला.

पुढचे मला सलग सांगता येणार नाही. तिने श्वास घेतला, एवढे नोंदवावे.

दवाखान्यात डॉक्टरांनी काय झाले असे विचारले. सदर इसम म्हणाले, "ओल्या हाताने प्लग काढायला गेली. किती वेळा सांगितलंय." असे म्हणून त्यांनी मान हलवली, जशी माणसे लहान मुलांच्या खोड्या सांगताना हलवतात. डॉक्टरांनी बेबीचे हात उलटसुलट करून पाहिले. उजव्या हाताच्या बोटांवर आणि डाव्या तळव्यावर भाजल्याच्या खुणा होत्या. "प्लग दोन्ही हातांनी काढत होत्या?" असे त्यांनी विचारले. सदर इसमाने घड्याळात पाहिले. मग मी, मला जे दिसले तेवढेच डॉक्टरांना सांगितले. त्यावरून त्यांनी पोलिसांना कळवले.

बाहेर बाकावर सदर इसम माझ्याजवळ येऊन बसले.

"ताई, दिसायला ते कसंतरी दिसलं असेल. पण मी झाकण लावत होतो ते सुरक्षिततेसाठी. उघडं राहिलं असतं आणि कुणाचा हात लागला असता तर?"

मी म्हणाले, "लागला होता."

ते म्हणाले, "घरातली गोष्ट आहे. घरात राहू द्या."

मी बाक बदलला.

दुसऱ्या दिवशी मी बेबीचे कपडे आणायला घरी आले असता जिन्यात भंगारवाला भेटला. त्याच्या डोक्यावर तोच ओव्हन होता. वरच्या साहेबांनी फुकट दिला, असे तो म्हणाला. मी त्याला तो माझ्या बाहेरच्या खोलीत ठेवायला लावला. तो आजही तिथे चादरीखाली आहे व "कोणी उघडू नये" अशी चिठ्ठी मी त्यावर चिकटवली आहे. पोलिसांनी तो ताब्यात घ्यावा, पण जाणकार माणूस सोबत आणावा. प्लग काढल्यावरही त्यातल्या एका भागात मोठ्या दाबाची वीज साठून राहते. हे सदर इसमाच्या व्हिडिओतही सांगितले होते. "सुरुवातीला ते लोक नुसतं घाबरवतात, म्हणून तेवढं मी पुढे पळवलं," असे त्यांनी मला स्वतः सांगितले. सांगताना आपण काही कबूल करत आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

प्रत्यक्षात काय घडले ते मी पाहिलेले नाही. ते मला बेबीने दवाखान्यात सांगितले, ते असे. त्यांनी ओव्हन एकदा चालवून पाहिला, लगेच प्लग काढला व झाकण उतरवले. नंतर म्हणाले, "आता हे नुसतं डबडं आहे. एका हाताने बाहेरचा पत्रा धर आणि ती वायर जरा बाजूला कर, मला दिसत नाहीये." तिने विचारले, "अहो, तुम्हीच करता का?" ते म्हणाले, "माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर आहे ना!" तिने टॉर्च ओट्यावर ठेवला, पत्रा धरला आणि दुसऱ्या हाताने वायर धरली.

एवढे तिने सांगितले. मग तिने विचारले, "रागावलेत का ते?"

तिच्या हातांना बँडेज असल्यामुळे मी तिला चमच्याने पाणी पाजले.

काल संध्याकाळी आपले हवालदार तिचा जबाब घेऊन गेले आहेत. ओल्या हाताने प्लग काढताना शॉक बसला, असे तिने त्यात सांगितले आहे, हे मला ठाऊक आहे. तिनेच मला सांगितले. ती जबाब देत असताना सदर इसम सफरचंद कापत पलंगाशेजारी बसले होते. ते सफरचंद त्यांनीच खाल्ले. ते हात धुवायला गेल्यावर बेबी मला म्हणाली, "ताई, मी ओले हात सांगितलेत. माझ्याच्याने दुसरं काही सांगवलं नाही. तुला जे दिसलं ते तू सांग."

मी विचारले, "नक्की?"

ती म्हणाली, "जा लवकर. ते आता येतील."

म्हणून मी आले आहे. दवाखान्यातून सुटल्यावर बेबी माझ्याकडे राहणार आहे. असे तिने म्हटलेले नाही, मी म्हणत आहे. तिचा पलंग खिडकीशी लावून झाला आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शुद्धलेखनाकडे मी दुर्लक्ष केले आहे. एके ठिकाणी त्यांनी "सदर इसम घाबरून स्क्रू आवळत होता" असे लिहिले होते. 'घाबरून' हा शब्द माझा नाही. तो माझ्यासमोर खोडून शेजारी माझी सही घेतली आहे. स्क्रू आवळताना सदर इसमाचा हात अगदी स्थिर होता. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच उतरला असून तो खरा आहे.