वडापवाल्याची नात

(संध्याकाळ. जुन्नरच्या घरी अन्सार आणि जैबुन्निसा मोबाइलसमोर बसलेत. पलीकडे कॅनडातून त्यांचा मुलगा फैजान, नात मनालच्या वर्गाबाहेर उभा.)

फैजान : अब्बा, प्लीज. पाच मिनिटांत टीचर तुमच्याशी बोलतील. एवढंच म्हणा, आमच्या घराण्यात हातानं कागद बनवायचे.

अन्सार : कुनाच्या घराण्यात?

फैजान : आपल्या. जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता की पूर्वी.

अन्सार : व्हता. पन बनवनारे दुसरे. आपल्यात कागद म्हंजी गाडीचे, तेबी पोलिसानं अडवलं तरच भाईर निघायचे.

जैबुन्निसा : अन् त्यातबी एखादा कमीच असायचा.

फैजान : अम्मी, हसू नको. दोन रविवार घालवून चार्ट केलाय मी. नकाशा, चित्रं, सगळं. प्रत्येक मुलानं आपला वारसा दाखवायचाय.

अन्सार : मंग लाव की भिताडाला. आमाला कशाला मधी घेतो?

फैजान : काल मनालनं तो चार्ट गुंडाळून ठेवला आणि खुर्चीवर चढली. भर वर्गात ओरडली, "जुन्नर, जुन्नर, जुन्नर! लेण्याद्री फाटा, जुन्नर! चला मावशी, एकच शीट राह्यलं!"

जैबुन्निसा : या अल्ला! मावशी कुनाला म्हनली?

फैजान : टीचरना. आणि त्या बसल्या! तीन बाकांवर अख्खा वर्ग कोंबला तिनं. वर दम देते, सरका, तिरकं बसा.

अन्सार : तिरकं म्हनली? मंग बराबर हाय. सरळ बसलं तर मावत न्हाईत.

फैजान : कौतुक करू नका. रोज व्हॉइस मेसेज पाठवता तुम्ही, जीप चालवायचो तेव्हा स्टँडवर हे व्हायचं, ते व्हायचं. मला वाटलं, चला, मराठी तरी टिकेल. हिनं वहीत उतरवून पाठ केलंय सगळं.

जैबुन्निसा : मंग बाई रागावली का?

फैजान : रागावल्या असत्या तर सुटलो असतो. त्यांना लई... फार आवडलं. आज पालकांना बोलावलंय, आजोबांना व्हिडिओवर बघायचंय सगळ्यांना. मला विचारत होत्या, वडील काय करायचे?

अन्सार : तू काय सांगितलं?

फैजान : ट्रान्सपोर्टमध्ये होते म्हटलं. पण मूळ घराणं कागदवाल्यांचं.

अन्सार : ट्रान्सपोर्ट! ऐकलं का गं? पंचवीस वरसं वडापची जीप हाकली, मानसं भरून नारायणगाव-जुन्नर, जुन्नर-नारायणगाव. एवढं मोठं नाव कुनी दिलं न्हाई राव.

फैजान : अब्बा, माझ्या मॅनेजरची मुलगी याच वर्गात आहे. तो आत बसलाय. इथं आपली जागा करायला मला सहा वर्षं लागली. तुम्हाला नाही कळणार ते.

अन्सार : मला न्हाई कळनार? नारायणगावला कॉलेजात जायचा तवा माझ्याच जीपमधी बसायचा तू. मागं, मित्रांच्यात. अन् उतरताना मला भाडं द्यायचा. समद्यांसारखं.

फैजान : अब्बा, ते...

अन्सार : अन् मी घ्यायचो. मी तुझा बाप हाय, हे तुझ्या मित्रांना कळू नये म्हनून. एक शब्द बोललो का कधी?

जैबुन्निसा : मलाबी न्हाई सांगितलं तुमी.

अन्सार : काय सांगू? रात्री एकाच ताटाला बसायचो आमी दोघं. लई वाईट वाटायचं गं.

फैजान : अठरा वर्षांचा होतो मी.

अन्सार : अन् आता केस पांढरे व्हायला लागले की तुझे.

फैजान : ...दार उघडलं त्यांनी. मनाल येतेय. अब्बा, कागदाचं तेवढं...

मनाल : दादाजी, सलाम! आवाज येतो का? हितं समदी आलीत. टीचर विचारती, तुमी काय काम करायचे?

जैबुन्निसा : बोला की. पोरगी वाट बघती.

अन्सार : जीप चालवायचो, बेटा. वडाप. सांग तिला.

मनाल : सांगितलं! टाळ्या ऐकू आल्या का? आता ही ॲना, पप्पाच्या बॉसची पोरगी. ही विचारती, पप्पाबी बसायचा का तुमच्या गाडीत?

अन्सार : बसायचा की. रोज.

मनाल : कुठल्या शीटवर?

जैबुन्निसा : अगं, किती ते सवाल...

अन्सार : विचारू दे तिला. फुडच्या, बेटा. माझ्या शेजारी. किती बी गर्दी असू दे, त्या जागेवर दुसऱ्या कुनाला बसू द्यायचो न्हाई मी.