नाटकवाल्यांच्या गाडीचे पाटे

मी लोहाराची पोरगी, लोहाराच्याच घरी देल्ली. माहेर मूलजवळच्या खेड्यात, सासर इथी, सावलीच्या रस्त्यावर. आमच्यात बाई भट्टीपासून दूर नाई राह्यत, काय सांगू तुमाले, अंगाची हळद निंघाली नाई तं हातात घन आला. आमचे हे सांडशीनं लोखंड धरत आनि मी घन मारत होती. बैलबंडीच्या चाकाले लोखंडी धाव बसवनं हा आमचा खरा धंदा. धाव लाल करून चाकावर चढवली का वरून पानी टाकाचं, मंग असा वाफेचा लोट उठे आनि आतलं लाकूड कुरकुर करे. लय आवडे मले तो आवाज.

मंग रबरी चाकाच्या बंड्या आल्या. गावात पहिली आली तेव्हा सारे पाहाले गेले, हे नाई गेले. म्या म्हनलं चाला ना, तं म्हने, कायले, आपल्या पोटावरून गेली ते पाहू काय.

त्याच हिवाळ्यात नाटकवाल्यांची गाडी आली. आमच्या झाडीपट्टीत धान घरी आलं का गावोगाव मंडईची जत्रा आनि नाटक, हे काय तुमाले सांगाचं. वडशाकडची कंपनी, तिची जुनी व्हॅन, आत नट, टपावर पडदे आनि पेट्या. डावीकडे अशी कललेली का पाहूनच भेव वाटे. डायवर नामदेवभाऊ उतरला आनि म्हने, लोहारभाऊ, ही गाडी चालत नाई, नाचते, मी सरळ धरतो तं ही वावराकडे जाते. आदल्या दिवशी खरंच गेली होती धानाच्या बांधीत. कोनी मेलं नाई, पन कंपनीची गानारी शेवंताबाई, चांगली पन्नाशीची बाई, तिच्या कपाळाले पट्टी होती. ती उतरली ते चिचेखाली बसली. म्हने, आता या गाडीत पाय ठेवत नाई, पायी घरी जाईन. तिच्याबिगर नाटक कसं होईल हो, आनि खेळ होता गडचिरोलीच्या पलीकडे, परवाच्याच दिवशी.

आमच्या यायनं मोटार कधी उघडली नव्हती. सरळ सांगतलं, भाऊ, मी बंडीवाला आहे. नामदेवभाऊ म्हने, चांद्याच्या गॅरेजपावतर ही गाडी नेतो तं वाटेतच मरतो, तू पाहून तं घे. मंग यायनं गाडीचा कोपरा दाबून सोडला तं ती पाळन्यासारखी डोलतच राह्यली. धक्के झेलनारे शॉकप मेलेले. खाली घुसले तं डावीकडच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटलेला, बाकीचे दबून सपाट, पाटे अडकवाच्या पिना झिजून पातळ, पिनांवरचे बुश तं नावालेच. समोरचं चाक उचलून हलवलं, तं पडाले आलेल्या दातासारखं हाले.

नामदेवभाऊ यस्टीनं चांद्याले गेला बुश, पिना, शॉकप आनाले. आम्ही पाटे सोडले. माझं म्हननं होतं भट्टीत घालू, लवकर वाकतीन. हे म्हने, नाई व, लाल केले का पोलादाचा ताव मरते, मंग ते उसळत नाई, थंडेच ठोकाचे. थंडा पोलाद वाकवनं म्हंजे काय असते! हे पाटा धरत, म्या मारावं, मंग दोन्ही बाजूचे पाटे एकावर एक ठेवून बाक जुळते का पाहावं, मंग पुन्हा मारावं. तुटलेल्याच्या जागी जुन्या टरकाचा पाटा कापून घातला. हाताले फोड आले. नटलोकं पाहत बसले, कोनी म्हने वहिनीचा ताल पक्का आहे. शेवंताबाई हासली नाई.

दुसऱ्या दिवशी दुपारपावतर, नामदेवभाऊनं आनलेलं सामान बसवून, गाडी उभी झाली, दोन्हीकडून सारखी. सारे चढले. शेवंताबाई माझ्याजवळ आली, म्हने, बाई, तू ठोकले ना पाटे, तू बसशील काय या गाडीत? मी तं मोटारीत कधी बसलीच नव्हती. सासूबाई म्हने, नाटकवाल्याईसंग जाते काय, लोकं काय म्हनतीन. म्या यायच्याकडे पाह्यलं. यायनं हात धुतले, म्हने, चाल, मीही येतो, पडलो तं संगच पडू.

शेवंताबाईनं माझं मनगट धरलं ते धरलंच. व्याहाडच्या अलीकडे वळनावर शेळ्यांचा कळप एकदम रस्त्यात. नामदेवभाऊनं चाक फिरवलं, म्या डोये लावले. गाडी कलली, आनि मंग, सांगू काय, सरळ झाली बाप्पा! आपल्या आपन सरळ झाली. मांगून हे ओरडले, पाट्यायनं धरली, धरली! मी रडून राह्यली होती का हासून राह्यली होती, आता आठवत नाई.

पुढे वैनगंगेचा पूल. घरापासून एवढ्या जवळ नदी, पन पुलावरून म्या तेव्हाच पाह्यली, केवढी रेती, केवढं पानी. शेवंताबाईनं मनगट सोडलं आनि हळूहळू गुनगुनाले लागली. नामदेवभाऊ म्हने, आता नाटक होते.

त्याच्यानंतर भट्टीसमोर गाड्या लागू लागल्या, जंगलातले लाकडाचे टरकही. पोरं शिकले त्याच्यावर. आता हे नाईत, शेवंताबाईही नाई, भट्टीच्या जागी पुतन्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. हिवाळ्यात नाटकवाल्यांच्या गाड्या अजूनही जातात इथून, चकचकीत. थांबत नाईत, थांबाचं कारनही नाई. मी खाटेवरून हात उचलते, सुखरूप जा रे लेकरांनो म्हनते. आयकू नाई जात त्यायले, पन आपन म्हनावं. घ्या, चाहा घ्या, थंडा होऊन राह्यला.