जळालेल्या वांग्यांचं बक्षीस

चोपड्याहून जळगावला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावर तानुबाई आणि वनाआबा या नवरा-बायकोची अशी जुंपली होती, की समीक्षाने कानातलं गाणं बंद करून तिकडेच कान दिले.

"सिनेमाना गानासले बक्षीस भेटनं, सत्कार मन्हा शे. तुम्ही कसाले नवा फेटा बांधा?"

"गानं पंधरा बायासनी म्हनं. लोकेसना ध्यानमा काय ऱ्हायनं? रेकॉर्डिंगना मधमा तू वरडनी ते!"

"भरीतना वांगा जळनात, तं वरडू नको?"

"पन जाळात कोनी? भाजाले तू माले बसाडं, मी तुन्हं गानं ऐकत बठनू. अर्धं बक्षीस मन्हं."

"चाळीस साल काही ना काही जाळतस तुम्ही. आजलगुन कोनी बक्षीस दिधं का?"

समीक्षाला राहवेना. त्याच सिनेमाचं हे गाणं तिच्या मोबाइलवर होतं. तिने ते मोठ्याने लावलं. ढोल घुमला, बायांचा सूर चढला, आणि कंडक्टरसकट अख्खी गाडी गाण्यासोबत ओरडली, "वांगा जळनात वो!"

तानुबाईंनी पदरात तोंड लपवलं. तेवढ्यात गाण्यातच मागून धावत येणाऱ्या पुरुषाचा घाबरा आवाज आला, "उनू, उनू!"

"हाऊ कोन शे?" वनाआबांनी विचारलं.

"थांबा. फेटा वाकडा व्हयी गया तुम्हना, नीट करी देस."