सोलारच्या काचेवर कुरडया

माझा जन्म विठ्ठलवाडीचा, स्टेशनच्या पलीकडे पत्र्याची चाळ होती तिथला, आता ती चाळ नाय राहिली. वडील मोहने गावात कंपनीत कामाला, आई घरी कुरडया-पापड्या करायची, हौस म्हणून नाय, विकायला. आम्हा बहिणींना शाळेतून आलं की एकच काम, काठी घेऊन बसायचं आणि कावळे हाकलायचे. तेव्हापासून मला ऊन कळतं. सकाळचं वेगळं, अकराचं वेगळं, मार्चचं वेगळं आणि मेचं वेगळं, मेच्या उन्हात कुरडई तडकते. आता तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगते ताई, आमच्या सोसायटीत ऊन पडलं का नाय ते मोबाईलमध्ये बघतात. खिडकी उघडायचे कष्ट नकोत.

लग्न होऊन डोंबिवलीला आलेली. माझे मिस्टर कामाला वागळे इस्टेटला, जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायच्या वर्कशॉपमध्ये, कमी बोलणारा माणूस, पण हातात कला. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा पोरं शाळेत, मग मी आईचं काम हातात घेतलं. घर घ्यायची वेळ आली तेव्हा सगळे बोलले, वरचा मजला घेऊ नका, भट्टी असते. मी बोलली मला वरचाच पाहिजे. पाचवा मजला, डोक्यावर गच्ची. मी घर नाय घेतलं, मी गच्ची घेतली, घर त्याच्याखाली होतं म्हणून राहिलो. वीस वर्षं त्या गच्चीने आम्हाला पोसलं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी सगळ्या ऑर्डरी पुऱ्या करायच्या, मग लग्नसराईच्या. बिल्डिंगमध्ये कोणी तक्रार नाय केली, प्रत्येक घरात एक पिशवी फुकट जायची ना, तोंडं भरलेली होती.

मग हा सेक्रेटरी आला. रिटायर माणूस, सकाळी बागेत टाळ्या वाजवत चालणार आणि दिवसभर पर्यावरण पर्यावरण करणार. घरात दोन माणसं, खाली गाड्या दोन. जेवण मोबाईलवरून मागवणार, त्याचे प्लॅस्टिकचे डबे रोज आमच्या कचरेवालीने उचलायचे. त्याने मीटिंग बोलावली, गच्चीवर सोलार बसवायचं. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे सगळं उन्हावर चालणार, सोसायटीचं बिल जवळजवळ शून्य, शिवाय पृथ्वी वाचेल. म्हणजे पृथ्वी आमच्या गच्चीवर येऊन वाचणार होती. मिस्टरांनी हात वर केला, विचारलं, लाईट गेली तर लिफ्ट चालेल का. सेक्रेटरी हसला, बोलला, काका, वर ऊन असलं की लिफ्ट चालणारच ना. मिस्टर खाली बसले, माझ्या कानात बोलले, याला शेंडा-बुडखा माहीत नाय, बॅटरी नसली तर लाईनीबरोबर हे पण बंद पडतं. मी विचारलं माझ्या वाळवणाचं काय. तो बोलला, काकू, तुमची जागा ठेवू ना बाजूला, अगदी बिनधास्त राहा. मग सगळ्यांनी सही केली आणि मी पण केली. तेवढी चूक माझी.

जागा ठेवली बरं का, शब्दाचा पक्का माणूस. पाण्याच्या टाकीच्या मागे ठेवली, तिथे शेवाळ वाळत नाय तर कुरडई कुठली वाळणार. बाकी गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या काचा.

आता तुम्हाला चीक कळतो का माहीत नाय. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा, रात्रभर ठेवायचा, पहाटे शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा. त्याच दिवशी ऊन मिळालं पाहिजे, नायतर आंबला, फेकून द्या. तर पहिल्या मार्चमध्ये मी पहाटे दहा किलोचा चीक शिजवून वर गेलेली. टाकीच्या मागे सावली, तीपण ओली. मी बघते तर समोर काचा, कालच धुतलेल्या, स्वच्छ, उन्हाकडे तोंड करून बसलेल्या. मी विचार केला, हे ऊन घ्यायचंच यंत्र आहे, याच्यापेक्षा चांगली जागा कुठली. जुन्या सुती साड्या काचांवर अंथरल्या, कोपऱ्यांना विटांचे तुकडे ठेवले आणि ओळीने कुरडया घातल्या. ताई, खोटं नाय सांगत, इतक्या सुंदर कधी पडल्या नव्हत्या.

दहा वाजता सेक्रेटरी धापा टाकत वर. मोबाईलमध्ये सोलारच्या विजेचा आकडा एकदम खाली आलेला, त्याला वाटलं मशीन जळलं. बघतो तर कुरडया. काकू, हे काय केलंत, पाचसहा काचा झाकल्या की सगळी लाईन बसते. मी बोलली मला काय माहीत, ऊन तर तेवढंच पडतंय. बोलला, सोसायटीचं नुकसान आहे, पर्यावरणाचं नुकसान आहे. मी बोलली कुरडईने पर्यावरणाचं काय वाकडं केलं ते सांगा. तर उभ्या उभ्या मला अक्कल शिकवतो, बोलला, ड्रायर घ्या, इलेक्ट्रिकचा मिळतो, काम पण फास्ट होईल.

म्हणजे बघा हं. ऊन वर पडणार, काचेत जाणार, त्याची लाईट होणार, ती वायरीतून खाली येणार, मग मी माझ्या मीटरवर लाईट घेऊन ड्रायर तापवणार आणि त्या गरमीत कुरडई वाळवणार. आधी ऊन सरळ कुरडईवर पडायचं. एवढं शिकलेला माणूस, त्याला हे सांगितलं तर बोलतो, काकू, तो विषय वेगळा आहे. साड्या ओढायला त्याने वॉचमनला लावलं, अर्ध्या कुरडया तिथेच मोडल्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस, पॅनलवर खाद्यपदार्थ वाळत घालू नयेत. नाव नाय लिहिलं माझं. लिहायचं राहिलं असेल.

त्याच मेमध्ये भर दुपारी लाईट गेली. डोक्यावर हे एवढं ऊन आणि लिफ्ट ठप्प. मिस्टर डॉक्टरला गुडघे दाखवून आलेले, प्रत्येक मजल्यावर बसत बसत पाच मजले चढले. सेक्रेटरी जिन्यात भेटला, बोलला, लाईन गेली की सोलार पण बंद, तो सेफ्टीचा नियम आहे काका, खांबावर काम करणाऱ्याला शॉक लागू नये म्हणून. मिस्टर बोलले, नियम बरोबर आहे, मी मीटिंगमध्ये तोच विचारत होतो. आणि कठडा धरून पुढची पायरी चढले. मला तर त्याच्या अंगावर जावंसं वाटलं.

मी सोलारच्या विरुद्ध नाय हां, तसं लिहू नका. बिल कमी आलं, खरं आहे. कोळसा कमी जळत असेल, तेही चांगलं, माझीही नातवंडं आहेत. पण पावसात, काचांचे स्टँड ठोकले त्या बोल्टच्या भोकांतून पाणी माझ्या किचनमध्ये उतरलं ते कुठल्या कागदात लिहिलंय. काचा धुवायला टँकरचं पाणी जातं. एक काच फुटली ती वर्षभर जिन्याखाली पडलीय, भंगारवाला हात लावत नाय, कंपनीवाला फोन उचलत नाय. आणि माझा धंदा गेला तो कुठे लिहायचा. सेक्रेटरीने वार्षिक सभेत सांगितलं, सोसायटीचा सगळा फायदाच झाला, तोटा काही नाय. टाळ्या वाजवल्या लोकांनी. माझ्या कुरडया खाऊन मोठे झालेले पोरगे पण वाजवत होते.

ड्रायर घेऊन बघितला मी. कुरडई वाळते, पण तळल्यावर फुलत नाय, गिऱ्हाईकाने पिशव्या परत पाठवल्या. आता तो पलंगाखाली आहे.

परवा सेक्रेटरीची बायको आलेली. गोड बाई आहे तशी. बोलली, काकू, लेकीचं लग्न ठरलंय, रुखवतात ठेवायला कुरडया पाहिजेत तुमच्या हातच्या, आणि बरं का, उन्हातल्याच द्या, ड्रायरच्या फुलत नायत म्हणे. तिला खरंच कळत नव्हतं. टोमणा मारत असती तर दोन शब्द सुनावले असते, पण तिच्या डोक्यात तसं काही नव्हतंच. मी बोलली, या वर्षी गहू भिजवलेच नाय मी. बोलली, अय्या, का. मी बोलली, वय झालं. मग पोरीसाठी एक साडी दिली, चांगली ठेवणीतली. तिचं काय वाईट चिंतायचं, तिचं मंगल होवो, सगळ्यांचंच होवो, सेक्रेटरीचंसुद्धा.

एक मात्र खरं सांगते, काचांच्या सावलीने वरचा स्लॅब तापत नाय. वीस वर्षांत पहिल्यांदा घर गार झालंय, मार्चच्या दुपारी पंखा एकवर पुरतो. मिस्टर बोलतात, झोप जरा, आता तुला काय काम आहे. मी पडते. झोप येत नाय.