शून्यातून जाणारी रेषा

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या क्लासचे संचालक, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती सर, पालक आणि मुलांनो,

दोन मिनिटं गोड बोला, असं मला आत्ताच बजावण्यात आलंय. जमणार नाही. ज्यांना मुदतीच्या दोन वर्षं आधी घरी बसवलं जातंय, त्यांच्या निरोपात गोड काय बोलायचं?

मुलं यांना 'शून्यसर' म्हणतात. गणित सुटलं की सर खडू खाली ठेवून विचारणार, "आणि शून्य असेल तर?" बावीस वर्षं शेजारच्या वर्गात शिकवताना मी हे भिंतीपलीकडून ऐकलंय. खरं सांगते, कधीकधी वैतागायचे.

सराव परीक्षेतला प्रश्न आठवतोय? रेषेचा एक्स-अंतःखंड, म्हणजे ती एक्स-अक्षाला छेदते तिथलं अंतर, वाय-अंतःखंडाच्या दुप्पट आहे. चढ काढायला एवढी माहिती पुरेशी आहे का? छापील उत्तर होतं, पुरेशी. चढ उणे अर्धा. सरांनी ते चूक धरलं. का? अहो, रेषा आरंभबिंदूतून गेली तर दोन्ही अंतःखंड शून्य! शून्याची दुप्पट शून्यच. मग चढ काहीही असू शकतो. पण 'पुरेशी' लिहिणाऱ्या मुलांचे गुण गेले म्हणून पालक कार्यालयात धावले आणि आपले संचालकसाहेब म्हणाले, "छापलेलं चुकीचं कसं असेल?" आणि सरांनाच घरी बसवायचं ठरलं. एकानेही रेषा काढून पाहिली नाही. एक रेषा, अध्यक्ष महाशय! पेन्सिल तुमच्या टेबलावरच होती ना?

थांबा, माइक बंद करू नका. माझं संपलेलं नाही.

ती उत्तरसूची मी केली होती. शून्य मी विसरले. सरांनी स्टाफरूममध्ये मला चूक दाखवली आणि हळूच म्हणाले, "बाई, कार्यालयात तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "उद्या सांगते." नोकरी जाईल या भीतीने पाच महिने तोंडाला कुलूप लावून बसले. आणि या माणसाने सगळ्यांची बोलणी खाल्ली, पण माझं नाव काढलं नाही. सर, साहेबांचा राग येतोच. पण माझा मला त्याहून जास्त येतो.

दुरुस्तीचं पत्रक माझ्या सहीने प्रत्येक खुर्चीवर ठेवलंय. अध्यक्ष महाशय, तुम्ही त्यावर बसला आहात.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. उत्तरसूचीतली चूक मात्र घेऊ नका. सरांना उद्या सकाळी वर्गावर बोलवा. जागा नसेल, तर माझी द्या.