आमच्या सोसायटीचे सिपहसालार

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीचे चेअरमन सावंतकाका माहितीयेत ना? हाताखाली वॉचमन दोन, पण काकांना व्हायचं होतं कमांडर! दुसऱ्या मजल्यावरचे शेखसर उर्दू शिकवतात. त्यांना गाठून काका म्हणाले, “सर, कमांडरला उर्दूत काय म्हणतात? जरा वजनदार सांगा.”

“सिपहसालार. फौज मागे असते, तो सगळ्यांच्या पुढे.”

काकांनी तेवढा शब्द उचलला, दारावर पितळी पाटी ठोकली.

आठवड्याभरात पंपरूममध्ये साप निघाला. आम्ही सगळे काठ्या घेऊन खाली, काका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. “घाबरता काय रे? पुढे व्हा!”

मी शेखसरांना विचारलं, “सर, ह्याला काय म्हणायचं?”

सर वर बघत शांतपणे म्हणाले, “गॅलरीतून हुकूम सोडणाऱ्याला उर्दूतही चेअरमनच म्हणतात.”