काचेतला धूमकेतू

१८८२, ठाणे स्टेशन. फलाटावरच्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर काळ्या कापडात गुंडाळलेली पेटी धरून होते. बायको विसरलेला डबा घेऊन आली होती.

"अहो, ती तसबिरीची काच घरीच धुतली असती तर?"

"आपल्या कोमट पाण्यात वरचा लेपच सुटतो. मुंबईला बर्फ मिळतो."

"आणि बिघडली तर?"

"तर संपलं. काल पहाटे अर्धा तास कॅमेरा धूमकेतूच्या मागे सरकवत होतो, तेव्हा ही एक साधली. आता तो रोज पुसट होतोय."

"ती रात्रभर घरात ठेवायला नको होती. आपल्या लेकीचे, उत्तरेचे, दिवस भरलेत."

"तसबीर आहे ती. चावते का?"

"मला राहवलं नाही. मी अंगारा लावला."

"पेटीला?"

"आत. काचेला."

"उजेडात उघडलीस?"

"देवापुढे, निरांजन होतं तेवढंच."

"अगं, उजेड लागला की सगळं जातं. आता तो कुणालाच दिसायचा नाही."

"मलाही दिसला नाही. काच नुसती दुधासारखी पांढरी."

"धुतल्याशिवाय दिसत नाही काही."

"समजूत घालू नका. आत नव्हताच तो."

गृहस्थांनी पेटी मांडीवरून बाकावर ठेवली.

"अहो, मग तो घरात कुठे आहे? पोर एकटी निजलीय तिथे."